दर आठ दिवसांनी बॅटरी उतरते : समुद्रकाठच्या युटिलिटी गाडीत दोष कुठे शोधायचा

“भाऊ, आज पण सेल्फ घेत नाहीये.”

मनोरीच्या एका रिसॉर्टवर गाडी चालवणाऱ्या काकांचा हा फोन दोन महिन्यांत पाचव्यांदा आला होता. चौदा महिन्यांत त्या गाडीला तिसरी बॅटरी बसली होती. प्रत्येक नवी बॅटरी पहिले तीन-चार महिने झकास चालायची आणि मग दर आठ-दहा दिवसांनी उतरायला लागायची. शेठ वैतागून म्हणाले, “बाजारात बॅटऱ्याच डुप्लिकेट यायला लागल्यात.” तिन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या, हे मी आता खात्रीने सांगू शकतो. दोष गाडीत होते, एक सोडून तीन, आणि दर वेळी नवी बॅटरी आपल्या जोरावर ते झाकून टाकायची. जोर कमी झाला की दोष परत वर यायचे.

मालाडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. अशा गाड्या हल्ली बऱ्याच दिसतात. फार्महाऊसवर, नर्सरीत, किनारा साफ करणाऱ्या ठेकेदारांकडे. स्टिअरिंग, बाजूबाजूला दोन सीटा, मागे माल ओतता येईल असा ट्रे, जाड टायर. काम ट्रॅक्टरचं करतात, पण वीज मोटरसायकलच्या पद्धतीने तयार करतात. कारमधल्यासारखा अल्टरनेटर बहुतेकांत नसतो, इंजिनच्या बाजूला मॅग्नेट आणि कॉइल असते. म्हणून कारचा वायरमन आणि बाइकचा वायरमन दोघंही या गाडीपाशी थोडे गोंधळतात आणि शेवटी बॅटरी बदलून मोकळे होतात. हे सगळं पेट्रोल गाडीबद्दल आणि १२ व्होल्टच्या वायरिंगबद्दल आहे. पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांचे मोठ्या व्होल्टचे पॅक हे वेगळं काम आहे, तिथे हा लेख वाचून हात घालू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. या गाड्यांना पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी गिअर असतो. धक्का मारून चालू होत नाहीत. काकांनी दोन पोरं लावून वाळूत अर्धा तास ढकलली होती, फुकट दम गेला. इंजिन फिरत नाही तोवर पट्टा पकडच घेत नाही.

आधी आवाज ऐका

सेल्फ मारल्यावर गाडी काय बोलते ते नीट ऐकलं तर अर्धं काम होतं. फोनवर मी पहिलं तेच विचारतो.

“टक-टक-टक-टक” असा भरभर आवाज आला आणि डॅशबोर्डचे दिवे त्याच तालावर मंद होत असले, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाहीये. बॅटरी उतरलेली असेल किंवा मधे कुठेतरी जोड सैल, गंजलेला असेल. एकच खणखणीत “टक्” येऊन पुढे शांतता असेल, दिवेही फारसे मंद होत नसतील, तर सेल्फचा रिले (सेल्फचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), सेल्फची मोटर किंवा तिच्याकडे जाणारी जाड वायर बघायची. काहीच आवाज नाही पण दिवे लख्ख असतील, तर बॅटरीला दोष देऊ नका. गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का, ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का ते बघा. बऱ्याच मॉडेलांत ब्रेकचा स्विच लागल्याशिवाय सेल्फला परवानगीच मिळत नाही, आणि तो स्विच खाली चिखलात असतो. आणि किल्ली फिरवल्यावर एकही दिवा लागत नसेल तर मेन फ्यूज आणि बॅटरीचे नट.

काकांच्या गाडीचा आवाज होता भरभर टकटक.

बॅटरी खरंच मेली आहे का

मीटर लागतो. लॅमिंग्टन रोडला साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो, त्याने ऐंशी टक्के काम होतं. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर तो डीसी करंट मोजतो का हे दुकानात उभं राहून विचारा. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प मीटर फक्त घरातला एसी करंट मोजतात, गाडीच्या कामाचे नाहीत.

गाडी बंद करून निदान तीन-चार तास, जमलं तर रात्रभर, तशीच ठेवायची आणि मग मोजायचं. नुकतीच चालवलेली किंवा नुकतीच चार्ज केलेली बॅटरी खोटा आकडा दाखवते. सीलबंद एजीएम (आतलं आम्ल काचेच्या जाळीत शोषलेलं असतं ती) बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.८ किंवा थोडं वर, साध्या पाण्याच्या बॅटरीला १२.६ ते १२.७. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. १२ च्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी. अनेकांचा समज असा की १२ व्होल्टची बॅटरी १२ दाखवते म्हणजे ठीक. या एका समजुतीने मुंबईत किती बॅटऱ्या खराब होतात ते मी रोज बघतो. अर्ध्याहून कमी भरलेली बॅटरी तशीच आठवडाभर पडून राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि ती परत पूर्ण भरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही सगळी झीज आणखी लवकर होते.

काकांच्या गाडीवर त्या दिवशी सकाळी ११.९ होते. मी ती बॅटरी काढून आणली, ३ अँपिअरवर रात्रभर चार्ज केली. बॅटरी ३० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे तिच्यात किती करंट साठतो त्याचं माप), म्हणजे चार्जिंग दहाव्या हिश्शाने. लहान बॅटरीला ट्रकच्या चार्जरवर “बूस्ट” करायला लावू नका. एजीएमला १४.४ ते १४.७ च्या वर व्होल्ट दिले की आतला वायू झडपेतून निघून जातो आणि तो परत भरता येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे चार्जर काढून बारा तासांनी, १२.८ होते. लोड टेस्टलाही, म्हणजे भार टाकून घेतलेल्या चाचणीलाही, पास. तिसरी बॅटरी सात महिन्यांची, ठणठणीत.

इथेच मला कळलं की मोजायचं ते गाडीला.

सेल्फ मारताना व्होल्ट कुठे गळतात

ही तपासणी फार थोडे लोक करतात, आणि समुद्रकाठच्या गाडीत नव्वद टक्के वेळा उत्तर इथेच असतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मार्वेहून फेरीने मनोरीला गेलो. सीट उचलली. भरलेली बॅटरी बसवली. मीटर डीसी व्होल्टवर ठेवला आणि दोन्ही काड्या थेट बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर टेकवल्या. वायरच्या नटावर टेकवायच्या नाहीत, पोस्टच्या धातूवरच टेकवायच्या. काकांना सांगितलं, “काका, मी म्हणेन तेव्हा सेल्फ मारा, तीन सेकंद, जास्त नको.” सेल्फ जड फिरला. मीटरवर १०.४.

सेल्फ फिरत असताना बॅटरीवर ९.६ च्या खाली जाऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. १०.४ म्हणजे बॅटरी आपलं काम चोख करत होती. तरी सेल्फ जड का? काळी काडी सेल्फच्या बॉडीवर लावली, लाल काडी सेल्फच्या जाड वायरच्या नटावर. परत सेल्फ. ८.२.

बॅटरीतून १०.४ निघतात आणि सेल्फला ८.२ मिळतात. मधले २.२ व्होल्ट वाटेत खर्च होतात. बाजारात दहा रुपये घेऊन गेलेला माणूस घरी आठ रुपयांचीच भाजी आणतो, तर वाटेत दोन रुपये कुठे पडले हे शोधायला नको का?

शोधायची रीत सोपी आहे. एक काडी बॅटरीच्या प्लस पोस्टवर, दुसरी सेल्फच्या प्लस नटावर, आणि सेल्फ मारायचा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढी गळती प्लसच्या वाटेवर. इथे ०.३ आली. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग एक काडी बॅटरीच्या मायनस पोस्टवर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर. सेल्फ मारला. १.९!

अर्थच्या वाटेवर, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत येतो त्या वाटेवर, ०.२ च्या आत असायला हवं. तिथे १.९.

आता काडी पुढे पुढे सरकवत न्यायची. बॅटरीच्या मायनस पोस्टपासून त्याच वायरच्या थिंबलपर्यंत (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) मोजलं, जवळपास शून्य. म्हणजे बॅटरीवरचा जोड चांगला. थिंबलपासून वायरच्या दुसऱ्या टोकाच्या थिंबलपर्यंत, १.१. चॅसीवरचं थिंबल ते चॅसीचा मोकळा धातू, ०.७. उरलेला किरकोळ चॅसी ते इंजिन. म्हणजे दोष दोन जागी. वायरच्या आत, आणि वायर चॅसीला जिथे बोल्टने बसवली होती तिथे.

तो बोल्ट सीटच्या मागे, मडगार्डच्या आतल्या बाजूला होता. मागच्या चाकाने उडवलेली ओली वाळू बरोबर तिथे येऊन बसते. बाहेरून बोल्ट घट्ट होता. पाना लावला तर हलत नव्हता. कुणी नुसतं बघून “अर्थ ठीक आहे” म्हणालं असतं तर त्याची चूक नाही. सोडवला तेव्हा थिंबलच्या खाली चॅसीचा काळा रंग तसाच होता, करंट फक्त बोल्टच्या आट्यांतून जात होता, आणि आटे तांबूस गंजाने भरलेले. वायरचं रबर थिंबलपासून चार बोटं मागे कापलं. आत तांब्याच्या जागी हिरवी पूड. चिमटीत धरली तर तारा तुटून हातात आल्या. पितळेचं भांडं कळकतं तसं ते तांबं पूर्ण कळकलं होतं, वरून रबर मात्र नव्यासारखं. काका बघतच राहिले. म्हणाले, “वरनं तर काय दिसत नव्हतं भाऊ.”

खारी हवा आणि खारं पाणी थिंबलच्या उघड्या तोंडातून आत शिरतं आणि तारांच्या मधल्या बारीक पोकळीतून वर चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणून टोक कापून नवीन थिंबल लावण्याआधी तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत जावं लागतं. या वायरमध्ये चकचकीत तांबं आलंच नाही. पूर्ण वायर टाकून दिली.

चार्जिंग

अर्थ सापडला म्हणून खूश होऊन परत निघालो असतो तर चार महिन्यांनी काकांचा फोन परत आला असता. म्हणून तिथेच, वायर बदलायच्या आधी, चार्जिंग मोजलं.

इंजिन चालू, रेस मध्यम, हेडलाइट बंद. बॅटरीवर १३.८ ते १४.५ च्या मधे आकडा हवा. आकडा १३ च्या वर चढतच नसेल तर कॉइल किंवा कटआउट संशयित. ज्याला पुस्तकात रेग्युलेटर-रेक्टिफायर म्हणतात त्याला गॅरेजमध्ये आपण कटआउट म्हणतो, ती पंखे असलेली ॲल्युमिनियमची डबी. १५ च्या वर गेला तर कटआउट बहुधा गेला आणि तो बॅटरीही शिजवून टाकेल, हेडलाइटचे बल्बही.

इथे बॅटरीवर १३.९ आणि कटआउटच्या सॉकेटवर १४.२. ते ०.३ त्याच अर्थने खाल्ले होते. कटआउट आणि कॉइल दोन्ही ठीक.

ठीक नसते तर काय केलं असतं तेही सांगतो, कारण मागच्या वर्षी गोराईच्या एका नर्सरीच्या गाडीत हेच निघालं. कॉइलमधून तीन पिवळ्या किंवा एकाच रंगाच्या तीन वायरी कटआउटकडे येतात. तो सॉकेट सोडवायचा. इंजिन बंद ठेवून कॉइलच्या बाजूच्या प्रत्येक जोडीमधला रोध मोजायचा, एक ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्यांत सारखा यायला हवा. मग प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजायचं, तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. मग इंजिन चालू करून मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा आणि तिन्ही जोड्या मोजायच्या. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो, पण तिन्ही जोड्यांचा आकडा सारखा हवा आणि रेसबरोबर वाढायला हवा. रेस दिल्यावर हे व्होल्ट पन्नासच्या पुढेही जातात, तेव्हा बोटं लांब ठेवा. नर्सरीच्या गाडीत दोन जोड्या अर्ध्यावर होत्या, एकच जोडी पूर्ण. तिसऱ्या वायरीला घुशीने कुरतडलं होतं. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये खताच्या गोण्यांमागे घुशींचं बीळ होतं आणि रात्री इंजिनची ऊब धरून त्या आत बसायच्या. वायर जोडून वरून लोखंडी जाळीची नळी चढवली, गाडी शेडच्या दुसऱ्या टोकाला लावायला सांगितली. मुंबईत कुठल्याही वायरिंगच्या तक्रारीत उंदीर-घुशींना धरून चालायचं.

रात्री करंट कोण खातो

काकांच्या गाडीचा दुसरा दोष इथे सापडला. किल्ली बंद, दहा मिनिटं थांबायचं, मग मायनसची वायर पोस्टवरून काढून तिच्या आणि पोस्टच्या मधे मीटर अँपिअरवर जोडायचा. लाल काडी १० अँपिअरच्या भोकात घालायची. त्याआधी माझा एक रिवाज आहे, मीटरच्या जागी आधी साधा टेस्ट लॅम्प लावतो. तो लख्ख पेटला तर कुठेतरी मोठा करंट चालू आहे, मीटर लावला तर मीटरचा फ्यूज उडेल. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेही पोरांना दर वेळी सांगावं लागतं.

मीटरवर ८५ मिलीअँपिअर. फ्यूजबॉक्समधले फ्यूज एकेक करून काढले. आकडा तसाच. सगळे फ्यूज काढल्यावरही ८० च्या आसपास. म्हणजे खाणारा फ्यूजबॉक्समधून जेवतच नव्हता, थेट बॅटरीवर बसला होता. बॅटरीच्या प्लस पोस्टवर मुख्य वायरीशिवाय आणखी दोन बारीक वायरी होत्या. एक गाण्याच्या टेपला, दुसरी मोबाइल चार्जिंगच्या यूएसबी सॉकेटला, ज्यावर व्होल्ट दाखवणारा छोटा निळा आकडा चोवीस तास जळत असतो. पाहुण्यांना गाणी लागतात म्हणून कुणीतरी बाहेरच्याने बसवून दिलं होतं, दोन्हीला फ्यूज नाही. टेपची वायर काढली, साधारण ६० ने उतरलं. सॉकेट काढलं, २० ने. उरले ४ मिलीअँपिअर, ते गाडीच्या कॉम्प्युटरचे, ते चालायचंच.

या दोन वायरींनी आणखी एक नुकसान केलं होतं. छोट्या बॅटरीच्या पोस्टवर एकावर एक थिंबलं चढवली की मुख्य जाड वायर वरती जाते आणि नट पुरेसा पकडत नाही. जाड वायरीचं थिंबल नेहमी सगळ्यात खाली, शिशाला चिकटून हवं.

सगळे फ्यूज काढले, जोडलेल्या वस्तू काढल्या, तरी करंट वाहतच असेल, तर कटआउटचा सॉकेट काढून बघा. त्यातला डायोड फुटला की बॅटरीतला करंट उलटा कॉइलकडे वाहत राहतो आणि डबी बंद गाडीतही कोमट लागते. हात लावून कळतं.

हिशेब जुळवून बघितला

मला स्वतःला पटल्याशिवाय मी गाडी देत नाही, म्हणून काकांबरोबर चहा पिताना कागदावर मांडलं. गाडी दिवसातून साधारण वीस वेळा बंद-चालू होते, जेट्टी ते रिसॉर्ट, रिसॉर्ट ते किनारा, सामान, सिलिंडर, पाहुणे. खराब अर्थमुळे सेल्फ दर वेळी तीन सेकंद लागायचा. सेल्फ १०० अँपिअर खातो असं धरलं तर वीस वेळांचे मिळून दिवसाला १.७ एएच. रात्रंदिवस ८५ मिलीअँपिअर म्हणजे आणखी २ एएच. खर्च ३.७.

जमा किती? इथे तिसरा दोष आहे, आणि त्याला दोष म्हणावं की सवय हे मला ठरवता येत नाही. वाळूत गाडी अगदी कमी रेसवर चालते. रेडिएटरचा पंखा उन्हात सतत फिरतो, तो एकटाच १० ते १२ अँपिअर घेतो. दिवसाही ट्रेवरचा एलईडी बार चालू. क्लॅम्प मीटर लावून बघितलं तर आयडलवर, म्हणजे रेस न देता, बॅटरीत करंट जाण्याऐवजी बॅटरीतून २ अँपिअर बाहेर निघत होते. मध्यम रेसवर ६ अँपिअर आत जायचे. दिवसभरात गाडी मिळून तासभर चालते. दोन्ही धरून हातात दीड एएचच पडत होते.

रोज सव्वादोन एएचचा तोटा. ३० एएचची बॅटरी आठवड्यात निम्मी. काकांचा फोन दर आठ दिवसांनी येत होता तो यामुळे. नवी बॅटरी अर्धी भरलेली असतानाही गंजलेल्या अर्थमधून सेल्फ फिरवून नेते, आणि उन्हाळा-पावसाळा खाल्लेल्या बॅटरीला ते जमत नाही. मधल्या दिवसांत कुठल्यातरी गाडीवरून जंप देऊन चालवत होते, त्यामुळे बॅटरी अर्धीच राहायची आणि आणखी खराब व्हायची. जंप दिलात तर त्या दिवशी रात्री चार्जरवर लावलीच पाहिजे. आणि जंप देताना कारचं इंजिन बंद ठेवा.

दुरुस्ती कशी केली

लोहार चाळीतून कथिल चढवलेल्या तांब्याची वायर आणली. बोटींना हीच वापरतात. साध्या तांब्यापेक्षा महाग आहे, पण किनाऱ्यावरच्या गाडीला तिच्याशिवाय दुसरी वायर मी आता लावत नाही. जाडी मूळच्या वायरीपेक्षा एक नंबर वरची. थिंबल हायड्रॉलिक पकडीने दाबलं, हातोडीने ठोकून दाबलेलं थिंबल आत पोकळ राहतं आणि पाणी तिथूनच शिरतं. वर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवली, गरम केल्यावर तिच्या तोंडातून गोंदाचा थेंब बाहेर आला की समजायचं तोंड बंद झालं.

चॅसीची जागा बदलली. चाकाच्या मागून काढून सीटच्या खाली, कोरड्या भागात आणली. रंग पॉलिश पेपरने खरवडून रुपयाएवढा चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर घातला, घट्ट आवळलं, आणि मग वरून पेट्रोलियम जेली. क्रम हाच. धातूला धातू आधी भिडला पाहिजे, जेली बाहेरून पाणी अडवायला. शिवाय बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या बॉडीवर दुसरी एक जाड वायर टाकली, म्हणजे सेल्फचा करंट चॅसीवर अवलंबूनच राहत नाही.

टेप आणि मोबाइल सॉकेट रिलेमार्फत किल्लीवर आणले, प्रत्येकाला बॅटरीजवळच वेगळा फ्यूज. एलईडी बारला स्विच होताच, दिवसा बंद ठेवायला सांगितलं.

बॅटरीला हात घालताना मायनस आधी काढायचा, बसवताना मायनस शेवटी. उलट केलं आणि प्लसवरचा पाना चॅसीला टेकला तर पाना लाल होतो, मी बघितलंय. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ विडी-काडी नको, त्यातून हायड्रोजन निघतो. टर्मिनलवर पांढरा-निळसर थर असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशने लावून धुवा. काही जण कोल्ड्रिंक ओततात, थर निघतोही, पण साखर आणि आंबटपणा मागे राहतो आणि चिकट जागेवर वाळू बसते.

धुण्याबद्दल एक विनंती. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आवश्यकच आहे, पण प्रेशर पंपाची धार सॉकेट, कटआउट, फ्यूजबॉक्सवर मारू नका. ती धार रबराच्या सीलमधून आत घुसते आणि मीठ आत घेऊन जाते. साधी नळी, हलकं पाणी, आणि मग सीट उचलून गाडी तासभर उन्हात. स्टिअरिंग अचानक जड होणं, डॅशबोर्डवर वेगवेगळे दिवे येणं-जाणं, या तक्रारी अशा धुण्यानंतर दोन दिवसांनी हमखास येतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग व्होल्ट कमी पडले की सगळ्यात आधी संप करतं, त्यामुळे त्याची मोटर बदलण्याआधी बॅटरी आणि अर्थ मोजा. विंच (दोर गुंडाळून ओढणारी मोटर) असेल तर ती अडकलेली गाडी ओढताना दोनशे अँपिअरच्या वरही घेते, कॉइल एवढं देऊच शकत नाही. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओढा आणि त्यानंतर बॅटरी चार्जरवर लावा.

पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर मायनस काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्यापेक्षा नवी घेताना दुकानातच परत करा, २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनंतर वापरलेल्या बॅटऱ्या परत घेणं कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि शिशाचे पैसेही वळते होतात.

दुरुस्तीनंतर परत तेच आकडे घेतले. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.७, सेल्फवर १०.३. अर्थची गळती ०.१. इंजिन एका सेकंदात चालू. चार्जिंग बॅटरीवर १४.२, बंद गाडीत ४ मिलीअँपिअर. हे आकडे तारखेसकट सीटच्या खालच्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवले, म्हणजे उद्या मी नसलो तरी दुसऱ्या वायरमनला तुलना करता येईल. काकांना एक छोटा मीटर दिला. ते दर शनिवारी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, बॅटरी मोजून मला मोबाइलवर फोटो पाठवतात. तीन महिने आकडा १२.७ च्या खाली आलेला नाही, आणि बॅटरी तीच तिसरी आहे.

प्लसच्या वायरीची गळती मात्र तेव्हा ०.३ होती, मागच्या फेरीत ०.४ आली. तिचंही थिंबल उघड्या तोंडाचं आहे. पुढच्या वेळी जाताना कथिलाची लाल वायर बरोबर घेऊन जाणार आहे.